हलकं श्रिंप अँड ग्रिट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत अटलांटा, शार्लट, रॅलेकडे राहायला गेलेल्या मराठी घरांतून आणि महाराष्ट्रातल्या हौशी स्वयंपाकघरांतून या पदार्थाबद्दल सतत प्रश्न येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: हॉटेलात खाल्लं, फार आवडलं, पण नंतर पोट जड झालं, घरी हलकं करता येईल का? येतं. आधी सोपे प्रश्न, नंतर अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. श्रिंप अँड ग्रिट्स म्हणजे नेमकं काय?

पांढऱ्या किंवा पिवळ्या मक्याचा जाडसर रवा पाण्यात मंद आचेवर मऊ शिजवायचा आणि त्यावर रश्श्यासकट परतलेली कोळंबी घालायची. या शिजवलेल्या रव्याला ग्रिट्स म्हणतात. ज्यांनी ज्वारीच्या कण्या खाल्ल्या आहेत त्यांना पोत लगेच कळेल.

हा पदार्थ अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया राज्यांच्या किनारपट्टीचा, म्हणजे लोकंट्रीचा. मका दळून शिजवण्याची रीत तिथल्या मूळ रहिवाशांची. खाडीतल्या कोळंबीशी त्याची जोडी जमली त्यात गल्ला गीची समाजाचा, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचा, मोठा वाटा आहे. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात ही हंगामातली साधी न्याहारी होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या ‘क्रूक्स कॉर्नर’ रेस्टॉरंटमध्ये शेफ बिल नील यांनी ती रात्रीच्या जेवणात आणली. १९८५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांनी त्याबद्दल लिहिलं आणि पदार्थ अमेरिकाभर पोचला.

२. हॉटेलातलं इतकं जड का असतं?

कोळंबीमुळे नाही. सोललेल्या १०० ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण ८५ कॅलरी आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, चरबी नावापुरती. ग्रिट्सही निव्वळ धान्य आहे. जडपणा येतो तो त्यात ओतलेल्या गोष्टींमुळे. चौघांच्या हॉटेली प्रमाणात एक कप हेवी क्रीम (सुमारे ८०० कॅलरी), चार मोठे चमचे लोणी (४००), शंभर-सव्वाशे ग्रॅम चेडर चीज (चारशे ते पाचशे) आणि पाच-सहा पट्ट्या बेकन सहज असतं. ताट सातशे-साडेसातशे कॅलरींवर जातं.

क्रीम ही नंतरची भर आहे. नील यांच्या पद्धतीत कोळंबीबरोबर बेकन, मशरूम, लसूण, पातीचा कांदा आणि लिंबू होतं. रश्श्यात क्रीम नव्हतं. म्हणून क्रीम काढलं की पदार्थ बिघडतो असं समजू नका.

३. क्रीम नाही तर मग ग्रिट्स मलईदार कशी होणार?

मक्याच्या स्वतःच्या स्टार्चने. या सगळ्या पानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जाड रवा भरपूर पाण्यात, मंद आचेवर, वेळ देऊन शिजवला आणि अधूनमधून घोटला की दाण्यातला स्टार्च बाहेर येतो आणि पाणी बांधून ठेवतो. पळीतून ग्रिट्स सलग, जाड धारेने पडू लागली की झालं. बहुतेक लोक दाणा अर्धवट शिजलेला असतानाच थांबतात आणि खरखरीतपणा झाकायला क्रीम ओततात. क्रीमने तो झाकला जातो, जात नाही.

चौघांसाठी एक कप (सुमारे १६० ग्रॅम) ग्रिट्स, तीन कप पाणी, एक कप कमी चरबीचं दूध, पाऊण छोटा चमचा मीठ. दूध सुरुवातीला घालू नका, तळाला लागतं; शेवटच्या दहा मिनिटांत गरम करून घाला. मीठ मात्र पहिल्याच पाण्यात, कारण दाणा फुगताना ते आत शोषतो. नंतर वरून घातलेलं मीठ वरवरच राहतं.

४. पूर्ण कृती एका जागी द्याल का?

चौघांसाठी, सुमारे तासाभराची. ग्रिट्सचं साहित्य प्रश्न ३ मध्ये आहे. त्याखेरीज ४० ग्रॅम जुनं, तिखटसर चेडर, दोन छोटे चमचे लोणी, ४५० ग्रॅम सोललेली मध्यम कोळंबी (कवच ठेवा, प्रश्न ८), बेकनची एक पट्टी, २०० ग्रॅम मशरूम, एक मध्यम कांदा, सेलरीचा एक दांडा, अर्धी ढोबळी मिरची, तीन पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा मैदा, दीड कप कवचांचं पाणी, एक मोठा चमचा लिंबाचा रस, पातीचा कांदा, मिरपूड, हॉट सॉस.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी आणि मीठ उकळा. व्हिस्कने ढवळत ग्रिट्स बारीक धारेने सोडा. पहिली पाच मिनिटं पातेल्याजवळून हलू नका. मग आच अगदी मंद करून झाकण तिरकं ठेवा आणि दर चार-पाच मिनिटांनी तळ खरवडून ढवळा; शेवटच्या दहा मिनिटांत गरम दूध घाला.

दुसरीकडे बेकनचे तुकडे थंड तव्यात घालून मंद आचेवर कुरकुरीत करा आणि बाजूला काढा. सुटलेल्या चरबीतली एक छोटा चमचाच ठेवा. आच वाढवून मशरूम मीठ न घालता परता. मीठ आधी पडलं तर पाणी सुटून ते उकडतात, तपकिरी होत नाहीत. तेही काढून ठेवा. अर्ध्या तेलात कोरडी केलेली कोळंबी एका थरात पसरून प्रत्येक बाजूने जेमतेम मिनिटभर ठेवा आणि काढा, आतून कच्ची असतानाच. उरलेल्या तेलात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची पाच मिनिटं, मग लसूण, मग मैदा घालून दीड-दोन मिनिटं भाजा. कवचांचं पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा आणि पाचेक मिनिटं उकळा. रस्सा पळीच्या पाठीला चिकटू लागला की मशरूम आणि कोळंबी परत घाला, दोन मिनिटांत गॅस बंद. लिंबू आणि हॉट सॉस त्यानंतरच.

ग्रिट्स आचेवरून उतरवल्यावर त्यात लोणी आणि किसलेलं चीज मिसळा. खोलगट ताटलीत आधी ग्रिट्स, वर कोळंबी, त्यावर बेकन आणि कांद्याची पात. एका ताटात सुमारे ४०० कॅलरी होतात.

५. दुकानात चार प्रकारच्या ग्रिट्स दिसतात. कुठल्या घ्यायच्या?

शक्य असेल तर स्टोन ग्राउंड, म्हणजे जात्यावर दळलेल्या. त्यात मक्याचा अंकुर राहतो, म्हणून चव आणि पोत दोन्ही चांगले. शिजायला ४५ मिनिटं ते तासभर लागतं. अंकुरातल्या तेलामुळे त्या लवकर खवट होतात, म्हणून पाकीट फ्रीझरमध्ये ठेवा. घाई असेल तर ‘क्विक’ प्रकार पाच ते सात मिनिटांत होतो आणि या कृतीत चालतो. ‘रेग्युलर’ या दोहोंच्या मधला. ‘इन्स्टंट’ पाकिटं घेऊ नका. त्या आधीच शिजवून वाळवलेल्या असतात, चिकट लगदा होतो, आणि चवीच्या पाकिटांत मीठ बरंच असतं.

६. पुण्या-मुंबईत ग्रिट्स मिळत नाहीत. काय वापरू?

जाड मक्याचा रवा. किराणा दुकानात तो ‘मक्याचा रवा’, ‘मका दलिया’ किंवा ‘कॉर्न ग्रिट्स’ या नावाने मिळतो. बहुधा पिवळा असतो. हरकत नाही, अमेरिकेच्या दक्षिणेतही पिवळ्या ग्रिट्स खातात. इटालियन पोलेंटाही चालेल, फक्त तो थोडा जास्त दाणेदार राहतो. दलिया फार जाड असेल तर मिक्सरमधून एकदाच फिरवा आणि पीठ चाळून टाका.

कॉर्नफ्लोर मात्र चुकूनही नको. आपल्याकडे त्या नावाने मिळतो तो मक्याचा निव्वळ स्टार्च. त्याची खळ होईल. मक्याच्या भाकरीचं पीठही नको, ते फार बारीक असतं आणि पिठल्यासारखं बसतं. गव्हाचा रवा वापरून उपमा होतो, ग्रिट्स नाही.

सेलरी मिळाली नाही तर पातीच्या कांद्याचे पांढरे दांडे जास्त घाला.

७. माझ्या ग्रिट्समध्ये गुठळ्या होतात. कुठे चुकतं?

तीनपैकी एका जागी. रवा एकदम ओतला जातो, पाण्याला खळखळून उकळी नसते, किंवा पहिल्या पाच मिनिटांत ढवळणं सुटतं. खात्रीचा उपाय म्हणजे रवा आधी थंड पाण्यात भिजवणं. स्टोन ग्राउंड ग्रिट्स मोजलेल्या पाण्यातच रात्रभर भिजवल्या की कोंडा वर तरंगतो, तो झाऱ्याने काढता येतो आणि शिजायचा वेळ जवळपास निम्मा होतो. मग त्याच पाण्यासकट ढवळत उकळी आणा. गुठळी व्हायला वावच राहत नाही. झालेल्या गुठळ्या व्हिस्कने पातेल्याच्या कडेवर दाबून मोडा. मिक्सर लावू नका, चिकटपणा येतो.

८. कवचांचं पाणी काढणं खरंच गरजेचं आहे का?

हो. लोणी-क्रीम काढल्यावर जी चव जाते ती भरून काढायची ही जागा आहे, आणि ती फुकट आहे. ४५० ग्रॅम कोळंबीची कवचं अर्धा छोटा चमचा तेलात तीन-चार मिनिटं परता. ती गुलाबी होऊन खमंग वास सुटला की अडीच कप पाणी, एक तमालपत्र, चार मिरे आणि कांद्याची एक फोड घाला. मंद आचेवर वीस मिनिटं ठेवून गाळा. अर्ध्या तासापलीकडे उकळलं तर कडवट होतं. डोकी ताजी असतील तरच घाला. वासाबद्दल जरा जरी शंका आली तरी टाकून द्या.

सोललेली गोठवलेली कोळंबी आणली असेल तर कवचं नसतात. मग कमी मिठाचं चिकन किंवा भाज्यांचं स्टॉक घ्या आणि त्यात एक छोटा चमचा भाजून कुटलेले सोडे टाका. हा कोकणी शॉर्टकट वाटेल, पण अमेरिकेतल्या लुइझियानातही सुकवलेली कोळंबी गम्बो नावाच्या दाट रश्श्यात घालतात. तिथल्या बाराटारिया उपसागरात ती सुकवण्याचा धंदा १९ व्या शतकात चिनी आणि फिलिपिनो कामगारांनी उभा केला. एका चमच्यापेक्षा जास्त नको, नाहीतर सोड्यांचंच राज्य होतं.

९. कोळंबी रबरासारखी होते. किती वेळ शिजवायची?

मध्यम आकाराची (पाकिटावर २६/३० किंवा ३१/४० असं लिहिलेली, म्हणजे एका पाउंडात तितके नग) एकूण तीन-चार मिनिटं, आणि तीही दोन टप्प्यांत, प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे. इंग्रजी ‘सी’सारखी वळली की झाली, शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून गोल कडं झालं की जास्त शिजली. थर्मामीटर असेल तर ६३ अंश सेल्सिअस.

ओली कोळंबी हे दुसरं कारण. गोठवलेली असेल तर पिशवीतच थंड पाण्यात २०-३० मिनिटं ठेवून वितळवा, काळा दोरा काढा आणि कागदी रुमालाने खरोखर कोरडी करा. तव्यात गर्दी करू नका. ४५० ग्रॅम दोन घाण्यांत. शिवाय परतण्याआधी अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तर ती टपोरी राहते. असं केलंत तर रश्श्यात मीठ शेवटी चाखूनच घाला.

सवयीने हळद लावली जाते, ती इथे टाळा. रस्सा पिवळा होतो आणि कवचांची नाजूक चव मागे पडते.

१०. ताजीच कोळंबी हवी का?

नाही. महाराष्ट्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा चांगली गोठवलेली कोळंबी शिळ्या ‘ताज्या’पेक्षा बरी. पाकिटावर घटकांत फक्त कोळंबी (फार तर मीठ) असावी. ‘सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट’ लिहिलेलं असेल तर ती पाणी धरून फुगवलेली असते: तव्यात पाणी सोडते, मीठही वाढवते. कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ राहत असाल तर मात्र उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत बंदरावरून थेट घ्या. फरक पहिल्याच घासात कळतो.

११. आम्ही डुकराचं मांस खात नाही. बेकन वगळलं तर?

बिनधास्त वगळा. बेकन देतं ते धूर, मीठ आणि मांसल खोली. धुरासाठी पाऊण छोटा चमचा स्मोक्ड पॅप्रिका, खोलीसाठी मशरूम ५० ग्रॅम जास्त आणि नीट तपकिरी होईपर्यंत. पॅप्रिका तेलात जळते, म्हणून मैद्याबरोबर घाला. टर्की बेकन चालतं, पण त्याला चरबी सुटत नाही, तेव्हा तव्यात एक छोटा चमचा तेल लागेल. वूस्टरशर सॉसचे काही थेंब छान लागतात. त्यात अँचोव्ही मासे असतात हे पाहुण्यांच्या पथ्यासाठी लक्षात असू द्या.

१२. लो-फॅट चीज घालून आणखी हलकं करू का?

नको. चरबी कमी केलेलं चीज नीट वितळत नाही, तंतू आणि कण होतात, आणि चव इतकी सौम्य असते की दुप्पट घालावंसं वाटतं. ४० ग्रॅम जुनं चेडर १०० ग्रॅम सौम्य चीजपेक्षा जास्त बोलतं. वडी आणून घरीच किसा. आयत्या किसलेल्या चीजला स्टार्च चोळलेला असतो, त्यामुळे ते खरखरीत मिसळतं. आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज वितळतं छान, पण खारट असतं; ते घेतलं तर ग्रिट्सचं मीठ निम्मं करा. चीज उकळत्या ग्रिट्समध्ये कधीच नाही, आच बंद करून दोन मिनिटांनी.

१३. क्रीमऐवजी नारळाचं दूध किंवा दही?

नारळाच्या दाट दुधाने हलकं काहीच होत नाही. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये दोनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि चरबी बहुतेक संपृक्त. चवही सोलकढी-रश्श्याच्या दिशेने जाते. चांगली लागेल, पण पदार्थ दुसरा होईल. दही चालतं: दोन मोठे चमचे घट्ट चक्का फेटून, गॅस बंद केल्यावर, ग्रिट्समध्ये. रश्श्यात घातलंत तर लिंबाबरोबर फुटेल.

१४. टोमॅटोवालं श्रिंप अँड ग्रिट्सही पाहिलं. ते खरं की हे?

दोन्ही. चार्ल्सटनकडे तपकिरी रस्सा, लुइझियानाकडे कांदा, सेलरी, ढोबळी मिरची आणि टोमॅटोचा क्रेओल ढंगाचा रस्सा. हलकं करायचं तर टोमॅटोवालं सर्वांत सोपं, कारण दाटपणा टोमॅटोच देतो: मैदा वगळा, कवचांचं पाणी एक कप करा, ३०० ग्रॅम चिरलेले टोमॅटो घालून दहा मिनिटं आटवा. लिंबू निम्मं. न्यू ऑर्लिन्सचं ‘बार्बेक्यू श्रिंप’ मात्र हलकं करायच्या नादी लागू नका. त्याचा रस्सा म्हणजेच लोणी असतं. ते वर्षातून एकदा तसंच खावं.

१५. मधुमेह असेल तर चालेल का?

ग्रिट्स म्हणजे पिष्टमय धान्यच, त्यामुळे प्रश्न प्रमाणाचा आहे. शिजलेल्या ग्रिट्स अर्धा कप, कोळंबी आणि मशरूम जास्त, असं ताट वाढा. इन्स्टंटपेक्षा जाड दळलेल्या बऱ्या, त्या पचायला वेळ घेतात. अर्ध्या ग्रिट्सऐवजी वाफवून बारीक वाटलेला फ्लॉवर मिसळता येतो. तेव्हा ग्रिट्स जरा घट्ट शिजवा, फ्लॉवर पाणी सोडतो. अर्ध्याहून जास्त फ्लॉवर घातला तर मक्याची चव हरवते. आपलं रोजचं प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

१६. आणि कोलेस्टेरॉल?

कोळंबीत ते असतंच: १०० ग्रॅममध्ये दीडशे मिलिग्रॅमच्या वर. पण संपृक्त चरबी अगदी कमी असते, आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर बहुतेकांच्या बाबतीत तिचाच परिणाम जास्त. म्हणजे या ताटात आधी कमी करायचं ते लोणी, क्रीम आणि बेकन. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा घातली असेल तर तीच पाळा.

१७. ग्लूटेन चालत नाही, किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे. मग?

मका मुळात ग्लूटेनमुक्त आहे; पाकिटावर तसं लिहिलेलं पाहा, कारण एकाच गिरणीत गहूही दळला जातो. मैद्याऐवजी दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोर थंड पाण्यात कालवून शेवटी घाला. बाजारचं स्टॉक आणि वूस्टरशर सॉस यांत गहू किंवा बार्ली असू शकते, लेबल वाचा.

कवचधारी जलचरांची ॲलर्जी असेल तर कोळंबी, कवचांचं पाणी आणि सोडे तिन्ही वर्ज्य, तवाही वेगळा. ४०० ग्रॅम मशरूम आणि भाज्यांचं स्टॉक घेऊन हाच रस्सा उत्तम होतो.

१८. प्रेशर कुकरमध्ये होतं का?

जाड रव्यासाठी होतं. थेट कुकरमध्ये नको, तळाला लागतं आणि फेस शिट्टीत अडकतो. कुकरच्या डब्यात एकास चार प्रमाणात पाणी, मीठ आणि भिजवलेला रवा. डबा निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. तीन शिट्ट्यांनंतर आच मंद करून दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. उघडल्यावर वर पाणी, खाली गोळा असं दिसेल. घाबरू नका, गरम दूध घालून दोन-तीन मिनिटं जोरात घोटा. ‘क्विक’ ग्रिट्स कुकरला लावू नका.

१९. पाहुण्यांसाठी आधी करून ठेवलं तर ग्रिट्स दगड होतात.

होणारच. थंड होताना स्टार्च घट्ट बसतो. तासाभरासाठी ठेवायच्या असतील तर हव्या त्यापेक्षा पातळ करा, वर पाव कप गरम पाणी न ढवळता ओता आणि झाकून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. वाढताना ढवळलं की जागेवर येतात. रस्सा कोळंबीशिवाय सकाळीच करून ठेवा. कोळंबी मात्र पाहुणे टेबलावर बसल्यावर. ती गरम ठेवता येत नाही, शिजतच राहते.

२०. उरलेलं कसं ठेवायचं आणि गरम कसं करायचं?

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, ग्रिट्स आणि कोळंबी वेगवेगळ्या डब्यांत. कोळंबी दोन दिवस, ग्रिट्स तीन-चार दिवस. ग्रिट्स गरम करताना कपामागे दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून आधी काट्याने मोडा, मग मंद आचेवर घोटा. कोळंबी रश्श्यातून काढा, रस्सा उकळा, गॅस बंद करा आणि मग कोळंबी त्यात मिनिटभर बुडवा.

किंवा ग्रिट्स उरणार हे ठाऊक असेल तर गरम असतानाच ताटाला तेलाचं बोट लावून बोटभर जाडीच्या थापा, गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडा. तापलेल्या बिडाच्या तव्यावर एक छोटा चमचा तेलात प्रत्येक बाजू पाच मिनिटं, न हलवता. घाईने उलथली तर पापुद्रा तव्यालाच राहतो. सुटायला आली की ती आपणहून सुटते.